खानापूर : घरचा संगणक सुरू होत नाही, पंखा फिरून थांबतो, डिस्प्ले येत नाही

मलप्रभाकाठ :
नमस्कार. आमच्या घरी सुटे भाग जुळवून घेतलेला सात-आठ वर्षांचा डेस्कटॉप आहे. शनिवारी रात्री पावसाचा जोर होता आणि वीज सारखी ये-जा करीत होती. संगणक त्या वेळी बंद होता, परंतु यूपीएस आणि भिंतीवरचे बटण चालूच राहिले होते. रविवारी सकाळी संगणकाचे बटण दाबले तेव्हा कॅबिनेटवरचा दिवा लागला, आतला पंखा क्षणभर फिरला आणि सगळे थांबले. थोड्या वेळाने यंत्र आपणहून पुन्हा सुरू होऊ पाहते, पुन्हा थांबते, आणि भिंतीवरचे बटण बंद करेपर्यंत हेच चालू राहते. मॉनिटरवर सिग्नल नसल्याची सूचना येते.

एका दुकानदाराने यंत्र न पाहता फोनवरच सांगितले की मदरबोर्ड गेला आहे. तरीही घेऊन या, फॉरमॅट मारून बघू, असेही तोच म्हणाला. माझी खरी धास्ती या फॉरमॅटची आहे, कारण त्यात डिस्क पुसली जाते. वडिलांनी शेताच्या पहाणी उताऱ्यांच्या आणि फेरफारांच्या स्कॅन प्रती याच संगणकात ठेवल्या आहेत, शिवाय निवृत्तीनंतर त्यांनी तालुक्यातील जुन्या वहिवाटींविषयी केलेले लेखनही त्यातच आहे. दुकानात नेण्यापूर्वी घरच्या घरी काय काय तपासता येईल? स्क्रूड्रायव्हर हाती धरण्याची मला भीती नाही, पण विजेच्या कामातले काही कळत नाही.

उद्यमबाग_फिटर :
ताई, आपण लक्षणे नीट लिहिलीत, त्यामुळे अर्धे काम सोपे झाले आहे. माझे पोटापाण्याचे काम कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीचे आहे, परंतु शेजारीपाजारी संगणक बिघडला की बोलावणे मलाच येते, आणि बहुतेक ठिकाणी तक्रार एवढीच ऐकू येते की "संगणक चालू होत नाही". या एका वाक्यात तीन अगदी वेगळे बिघाड दडलेले असतात. पहिल्या प्रकारात बटण दाबले तरी दिवा लागत नाही की पंखा हलत नाही. दुसऱ्यात पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच उमटत नाही. तिसऱ्यात पडद्यावर कंपनीचे नाव किंवा एखादी सूचना दिसते आणि त्यापुढे विंडोज उघडत नाही. फॉरमॅट मारण्याचा संबंध आलाच तर तो फक्त तिसऱ्या प्रकारात येतो, आणि तिथेही तो शेवटचा उपाय असतो. आपले यंत्र अजून पडद्यापर्यंतही पोहोचलेले नाही, म्हणजे हार्ड डिस्कवर काय लिहिलेले आहे हे पाहण्याची वेळच त्याच्यावर आलेली नाही. तेव्हा त्या दुकानदाराची दोन वाक्ये एकमेकांशी जुळत नाहीत.

बटण दाबल्यावर आत काय घडते हे थोडे समजून घेतले, तर पुढचे तपासणे डोळसपणे होईल. भिंतीवरचे बटण चालू असते तोवर संगणक बंद असला तरी एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा सतत देत असतो. कॅबिनेटचे बटण दाबले की मदरबोर्ड त्या डब्याला इशारा करतो, मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात, आणि ते स्थिरावले की डबा 'सर्व ठीक' असा संकेत परत पाठवतो. हा संकेत मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो, रॅम म्हणजे तात्पुरती स्मृती तपासतो, चित्र दाखवणारा भाग जागा करतो आणि सर्वांत शेवटी डिस्ककडे वळतो. पंखा क्षणभर फिरून थांबतो याचा अर्थ बहुधा असा, की मुख्य पुरवठा सुरू तर होतो, पण एकतर तो स्थिरावत नाही किंवा कुठेतरी जास्त भार अथवा शॉर्ट जाणवून डबा स्वतःच माघार घेतो.

म्हणून पहिले काम पुरवठ्याचे. यूपीएस पूर्णपणे बाजूला काढा, एक्स्टेन्शन बोर्डही काढा, आणि संगणकाची जाड वायर थेट भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटला लावून पाहा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, स्पीकर असे जे काही मागे लावलेले असेल ते सगळे सोडवा. केवळ कीबोर्ड आणि मॉनिटर राहू द्या. मग काय होते ते कळवा.

टिळकवाडी_निवृत्त :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. यूपीएसवर मला अधिक संशय आहे. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्टची, साधारण ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते आणि दोन-चार वर्षांत ती थकते. थकलेल्या बॅटरीवर यूपीएसचा दिवा हिरवा दिसतो, पण संगणक सुरू होताना जो एकदम जास्त प्रवाह लागतो तो तिला पेलत नाही. त्यातच आपल्याकडे पावसाळ्यात व्होल्टेज खाली-वर होत असले की यूपीएस क्षणाक्षणाला बॅटरीवर जातो आणि परत येतो. त्या वेळी आत 'टक् टक्' असा रिलेचा आवाज येतो. तो येत होता का, हे आठवून पाहावे.

आणखी एक विचारतो. पाय ओले किंवा अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारख्या बारीक झिणझिण्या जाणवतात का? मुद्दाम हात लावून पाहू नका. पूर्वी कधी जाणवले असेल तर सांगा.

निपाणीचा_वाचक :
मी थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. आठ वर्षांच्या यंत्रावर इतके डोके खर्च करावे का? विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि अशा जुन्या प्रोसेसरपैकी बरेचसे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. आम्ही निपाणीची माणसे अशा वेळी सरळ कोल्हापूर गाठतो आणि नवे यंत्र घेऊन येतो. जुनी हार्ड डिस्क नव्या यंत्राला जोडली की माहिती मिळाली. दुकानदार फोनवर चुकीचे बोलला असेल, पण 'नवीन घ्या' हा सल्ला अगदीच वावगा नाही.

उद्यमबाग_फिटर :
निपाणीकर, नवे यंत्र घ्यावे की नाही हा घरच्या खर्चाचा प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय ताईंनी सावकाश करावा. परंतु तो निर्णय बिघाड कळल्यानंतर झालेला बरा. यूपीएसची बॅटरी गेली असेल किंवा सॉकेटला अर्थिंग नसेल, तर नवे यंत्रही त्याच सॉकेटला आणि त्याच यूपीएसला लागणार आहे.

मलप्रभाकाठ :
आपण सांगितल्याप्रमाणे यूपीएस काढून यंत्र थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावले. फरक पडला! आता पंखा न थांबता फिरत राहतो आणि कॅबिनेटवरचा दिवाही स्थिर आहे. परंतु पडदा काळाच आहे. मॉनिटरची केबल भावाच्या लॅपटॉपला लावून पाहिली, तिथे चित्र स्वच्छ येते, त्यामुळे मॉनिटर आणि केबल यांच्यावर संशय घेण्याचे कारण नाही. यंत्रात वेगळे ग्राफिक कार्ड बसवलेले नाही. कसलाही बीप ऐकू येत नाही.

रिलेचा आवाज येत होता, बरोबर. आणि झिणझिण्यांविषयी म्हणाल, तर उन्हाळ्यापासून कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हात लागला की तसे होते. वडील त्याला 'थोडा करंट मारतो' म्हणत आणि आम्ही त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

टिळकवाडी_निवृत्त :
मग अर्थिंगचे काम आधी करून घ्या, संगणक दोन दिवस थांबेल. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात विजेचा गोंगाट गाळण्यासाठी बसवलेली दोन लहान कपॅसिटरे (विजेचा भार साठवणारे भाग) फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेली असतात. पत्रा तिसऱ्या पिनेतून जमिनीला नीट जोडलेला असेल तर त्यांतून झिरपणारा बारीक प्रवाह निमूट जमिनीत जातो. ती जोडणी तुटलेली असेल तर पत्रा पुरवठ्याच्या साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात, पण त्यावरून एवढे निश्चित कळते की आपल्या सॉकेटची तिसरी पिन नावापुरती आहे. उद्या खरोखरच आतली फेजची तार पत्र्याला चिकटली, तर फ्यूज उडवायला किंवा ट्रिप व्हायला वाटच उरत नाही.

जाणत्या वायरमनकडून मल्टिमीटरने तीन मापे घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात अवघे दोन-चार व्होल्ट मिळाले पाहिजेत. हे काम आपण स्वतः करू नये. आपल्या भागातील तांबडी, जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही सुकतो आणि त्याचा विरोध वाढतो. म्हणून जुनी माणसे कोळसा आणि मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत असत. तुमच्याकडे झिणझिण्या उन्हाळ्यात सुरू झाल्या, त्यामागे तेही असू शकेल. मात्र पावसाळ्यातही त्या थांबल्या नसतील तर तार कुठेतरी सुटली आहे असे धरावे.

उद्यमबाग_फिटर :
अर्थिंगचे झाल्यावर पुढचे पाहू. यूपीएस काढल्यावर पुन्हा पुन्हा बंद पडणे थांबले, म्हणजे आपल्याकडे एकाच वेळी दोन बिघाड आहेत. पहिला यूपीएसच्या बॅटरीचा, तो उलगडला. दुसरा पंखा फिरूनही चित्र न येण्याचा. दुसरा बिघाड बहुधा आधीपासून येऊ घातलेला होता आणि त्या रात्री उघडा पडला. आता रॅमवर येऊ, कारण पंखा चालतो पण डिस्प्ले नाही अशा यंत्रांत, विशेषतः पावसाळ्यात, मला सर्वाधिक वेळा रॅमच सापडली आहे. दमट हवेत रॅमच्या पट्टीवरील संपर्काच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि खाचेतील पिनांवर बारीक थर चढतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण संपर्क तुटतो.

वायर सॉकेटमधून पूर्ण काढा. त्यानंतर कॅबिनेटचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल. कॅबिनेट आडवे ठेवून बाजूचा पत्रा काढा. आतल्या कशालाही हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करा, जेणेकरून अंगावरची स्थिर वीज उतरेल. नायलॉनची साडी किंवा लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नका. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून शाळेतला साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, त्याचा चुरा मऊ ब्रशने झटका, आणि त्या पट्ट्यांना पुन्हा बोट लावू नका. काही जण पट्ट्या सँडपेपरने घासतात, ते मात्र कदापि करू नये. सोन्याचा मुलामा निघून गेला की खालचा धातू पुढच्या पावसाळ्यात आणखी लवकर काळवंडतो. खाचेत रंगकामाचा कोरडा, स्वच्छ ब्रश फिरवा.

मग दोन पट्ट्या असतील तर एकच बसवा, खिट्टी 'टक्' करून आपोआप बंद होईपर्यंत दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्या, आणि यंत्र चालू करून पाहा. तिथे चित्र आले नाही तर तीच पट्टी दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी पहिल्या खाचेत, अशी प्रत्येक जोडी तपासा. प्रत्येक बदलापूर्वी वायर सॉकेटमधून काढायची. रॅमची रचना बदलल्यावर काही मदरबोर्ड एक-दोनदा आपणहून बंद-चालू होतात. तेव्हा लगेच घाबरून बटण दाबू नका, मिनिटभर वाट पाहा.

बीप ऐकू येत नाहीत याचे कारण साधे आहे. पूर्वी कॅबिनेटमध्ये एक लहान स्पीकर असे, आता तो बहुधा देतच नाहीत. मदरबोर्डवरील चार पिनांना लावायचा बोटाच्या पेराएवढा बझर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्त मिळतो. तो लावला की यंत्र स्वतः सांगते. पण बीपची भाषा बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, कोणाचे आहे त्यावर ठरते. एका जुन्या आणि प्रचलित पद्धतीत एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे चित्र दाखवणाऱ्या भागाची तक्रार, आणि लांब बीप थांबून थांबून येत राहिले तर रॅमची. आपल्या बोर्डच्या पुस्तिकेतील तक्ता पाहणेच योग्य.

कणकुंबी_पाऊस :
आमच्या भागात जून ते सप्टेंबर घरातल्या वह्याही ओलसर होतात, तिथे संगणकाचे काय सांगावे. वरील सूचनांत दोन गोष्टींची भर घालतो. आत उघडाल तेव्हा मुंग्या, झुरळे आणि पाली यांचा माग काढा. संगणकाच्या डब्यात ऊब असते, त्यामुळे पावसाळ्यात हे सर्व प्राणी तिथे आश्रयाला येतात. पाल वीजपुरवठ्याच्या डब्यात अडकून शॉर्ट झाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. मागच्या बाजूच्या रिकाम्या पट्ट्यांची भोके उघडी असतील तर ती बंद करावीत, मात्र हवेच्या जाळ्या कधीही बंद करू नयेत.

दुसरे, मदरबोर्डवरील उभ्या नळीसारखी कपॅसिटरे डोक्याच्या बाजूला सपाट आहेत ना, हे टॉर्चच्या उजेडात पाहा. डोके फुगलेले असेल किंवा तिथून तपकिरी द्रव सुकलेला दिसला, तर मग मात्र मदरबोर्ड खरोखरच बिघडला असे म्हणता येईल.

उद्यमबाग_फिटर :
कणकुंबीकरांच्या सूचना उत्तम आहेत, त्यांना एक इशारा जोडतो. कॅबिनेट उघडून मदरबोर्ड पाहा, पण वीजपुरवठ्याचा डबा उघडू नका, मग आत पाल असो वा नसो. २३० व्होल्टची वीज आत सरळ केल्यावर मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तिथे राहू शकतात. ज्यांना डबा तपासायचा आहे त्यांनी तो जाणत्याकडून भार लावून तपासून घ्यावा. १२ व्होल्टचा पुरवठा ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान आणि ५ व्होल्टचा ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. इंटरनेटवर हिरवी आणि काळी तार कागदाच्या टाचणीने जोडून डबा चालू करण्याची युक्ती दाखवतात. तिच्यावरून डबा जिवंत आहे एवढेच कळते, भार पेलतो की नाही हे कळत नाही.

मलप्रभाकाठ :
वायरमन येऊन गेले. त्या सॉकेटची अर्थची तार बोर्डाच्या आत तुटून लोंबकळत होती. ती जोडल्यावर मापे टिळकवाडीच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मिळाली, आणि पत्र्याच्या झिणझिण्या थांबल्या.

त्यानंतर कॅबिनेट उघडले. मुंग्या नव्हत्या, पाल नव्हती, धूळ मात्र भरपूर होती. ती ब्रशने काढली. कपॅसिटरे सपाट आहेत. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. खोडरबरने स्वच्छ करून एकेक बसवून पाहिल्या. प्रोसेसरच्या जवळच्या खाचेत कोणतीही पट्टी लावली तरी पडदा काळाच राहतो. लांबच्या खाचेत दोन्हींपैकी कोणतीही लावली की चित्र येते!

आता पडद्यावर काळ्या पाटीवर इंग्रजीत असे लिहून येते, की सीमॉसचा चेकसम चुकला, मूळ नोंदी भरल्या आहेत, पुढे जाण्यासाठी एफ १ दाबा. तारीख कित्येक वर्षांपूर्वीची, एक जानेवारीची दिसते. एफ १ दाबले तर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' अशी ओळ येऊन यंत्र तिथेच थांबते. डिस्कच गेली की काय, या शंकेने घरात सगळे गप्प आहेत. कृपया लवकर कळवावे.

उद्यमबाग_फिटर :
डिस्क गेली असे इतक्यात मानू नका. आपण आता दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्या प्रकारात आलात, ही चांगली बातमी आहे.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. तो ३ व्होल्टचा असतो आणि भिंतीवरचे बटण बंद असताना घड्याळ व बायॉसच्या नोंदी जपतो. बटण चालू असेल तर हे काम ५ व्होल्टच्या त्या बारीक पुरवठ्यावर होते आणि सेल जवळपास खर्चच होत नाही. आपल्याकडे वळिवाच्या गडगडाटात सगळे जण प्लग काढून ठेवतात, आणि ते योग्यच आहे, पण त्यामुळे सेलवर जास्त भार पडतो. सात-आठ वर्षांचा सेल संपला यात नवल नाही. मापला आणि २.७ व्होल्टच्या खाली आला असेल तर बदला. न मापता बदललात तरी पैसे वाया जाणार नाहीत. बसवताना 'अधिक' चिन्हाची बाजू वर येऊ द्या.

सेल संपल्यामुळे बायॉसच्या नोंदी, म्हणजे त्या सूचनेतील 'सीमॉस', कारखान्यातून आल्या तशा झाल्या. त्यात दोन नोंदी अशा असतात की त्या बदलल्या की धडधाकट विंडोजही उघडत नाही. पहिली, सुरुवात नव्या यूईएफआय पद्धतीने करायची की जुन्या, ज्याला बायॉसमध्ये लेगसी किंवा सीएसएम म्हणतात. ज्या डिस्कवर विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेले आहे, ती डिस्क केवळ यूईएफआयवर ठेवलेल्या बोर्डला सुरू करण्याजोगी वाटतच नाही, आणि आपल्याला दिसली तीच ओळ येते. दुसरी, डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआय किंवा आयडीई. ती बदलली तर विंडोज उघडू लागते आणि 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी सूचना देऊन निळ्या पडद्यावर थांबते. आपल्याकडे निळा पडदा आलेला नाही, म्हणून संशय पहिल्या नोंदीवर.

सेल बदला, यंत्र चालू होताच डिलीट किंवा एफ २ दाबत राहून बायॉसमध्ये जा, आणि आधी डिस्कचे नाव यादीत दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर डिस्कची साटा केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा. दिसत असेल तर तारीख-वेळ लावा, सीएसएम चालू करा, सुरुवातीच्या क्रमात डिस्क पहिली ठेवा आणि एफ १० ने जतन करा. तारीख टाळू नका. ती चुकीची असेल तर विंडोज उघडले तरी बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे प्रमाणपत्र अमान्य असल्याचे सांगून अडवतील.

एक इशारा इतर वाचकांसाठी. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप आहे, विशेषतः विंडोज ११ च्या लॅपटॉपवर, त्यांना बायॉसच्या नोंदी बदलल्यावर ४८ अंकी किल्ली विचारली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असते का, हे आजच पाहून ठेवावे.

निपाणीचा_वाचक :
आणि एवढे करूनही उघडले नाही तर? माझा मूळ मुद्दा तोच आहे, की माहिती आधी बाहेर काढा. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला यूएसबी जोडणीने लावता येते. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेली जोडणीच घ्यावी, कारण लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसारखी ती नुसत्या यूएसबीच्या ५ व्होल्टवर फिरत नाही. डिस्कमधून ठरावीक अंतराने 'कट् कट्' आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये.

उद्यमबाग_फिटर :
या मुद्द्यावर आपले मत पूर्ण मान्य. डिस्क काढायची नसेल तर लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीचा पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून यंत्र सुरू करणे हाही एक मार्ग आहे. त्यात डिस्कवर काहीही न लिहिता फाइली बाहेर घेता येतात. विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' सोय चालू असेल तर लिनक्स ती डिस्क केवळ वाचण्यापुरतीच उघडते, आणि आपल्या कामाला तेवढेच हवे आहे.

मलप्रभाकाठ :
विंडोज उघडले. सेल बदलला, बायॉसमध्ये डिस्कचे नाव दिसत होते, सीएसएम बंद झाले होते ते चालू केले. वडिलांचे सर्व लेखन आणि उताऱ्यांच्या प्रती जागेवर आहेत. बाहेरची एक डिस्क आणून त्यावर प्रत घेण्याचे काम सुरू आहे. सर्वांचे मनापासून आभार.

मात्र प्रत घेतलेल्या फाइली भावाच्या लॅपटॉपवर उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि चिन्हे यांचा गोंधळ दिसतो. फाइली खराब झाल्या का?

अक्षरजुळणी_शहापूर :
फाइली शाबूत आहेत. लग्नपत्रिका आणि वार्षिक अहवाल जुळवण्याच्या कामात मला हे रोज भेटते. जुन्या मराठी फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षरे इंग्रजीचीच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तिथे मूळ इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

तेव्हा प्रत घेताना केवळ लेखनाची फोल्डरे घेऊन थांबू नका. विंडोजच्या फोल्डरमधील 'फॉन्ट्स' या फोल्डरातून वडिलांनी वापरलेल्या फॉन्टांच्या फाइलीही त्याच बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि कोणत्या लेखाला कोणता फॉन्ट आहे हे एका कागदावर लिहून ठेवा. ही माहिती फॉरमॅट झाल्यावर शोधणे फार कठीण जाते, कारण एकाच नावाच्या फॉन्टच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत काही जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या असतात. जुना संगणक चालू आहे तोवर प्रत्येक लेख त्याच यंत्रावर उघडून त्याची पीडीएफही करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा चुकतात, म्हणून रूपांतरानंतर मूळ प्रतीशी ताडून वाचण्याला पर्याय नाही. गावांची आणि सर्व्हे नंबरांची यादी असेल तर ती दोनदा वाचा.

मलप्रभाकाठ :
फॉन्टच्या फाइली घेतल्या आणि लॅपटॉपवर बसवल्यावर लेख वाचता येऊ लागले. पीडीएफ करण्याचे काम वडिलांनी स्वतःकडे घेतले आहे.

आता शेवटची शंका. प्रोसेसरजवळची खाच बंद आहे, त्यामुळे एकाच पट्टीवर यंत्र थोडे संथ चालते. ती खाच दुरुस्त करून घ्यावी का? आणि यूपीएसची नुसती बॅटरी बदलावी की यूपीएसच नवा घ्यावा?

टिळकवाडी_निवृत्त :
यूपीएस तीन-चार वर्षांचा असेल तर बॅटरी बदलणे पुरेसे आहे. व्होल्टेज आणि अँपिअर-तास जुन्या बॅटरीइतकेच घ्या. बसवल्यावर संगणक लावण्यापूर्वी ती रात्रभर चार्ज होऊ द्या. जुनी बॅटरी शिशाची असते, ती कचऱ्यात न टाकता बॅटरीच्या दुकानात परत करा.

उद्यमबाग_फिटर :
खाच दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका. प्रोसेसर काढून त्याखालच्या पिना आणि खाचेचे सांधे तपासावे लागतील, आणि त्या खटपटीत चालू असलेली खाचही जाऊ शकते. लेखनाला आणि छपाईला एक पट्टी पुरते; संथपणा फार जाणवला तर याच खाचेत बसणारी, बोर्डाला चालणारी अधिक क्षमतेची एकच पट्टी घ्या. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या प्रकारांच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून दुकानात जुनी पट्टी सोबत न्यावी.

त्याआधी मात्र एक काम करा. मेमटेस्ट ८६ प्लस नावाचा रॅम तपासणारा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन यंत्र त्यावरून सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. यूपीएसची नवी बॅटरी बसवल्यानंतरच ठेवा, म्हणजे मध्येच थोडा वेळ वीज गेली तरी तपासणी तुटणार नाही. सकाळी एकही चूक दिसली तर ती पट्टी वापरू नका, दुसरी लावून पुन्हा तपासा. आणि वडिलांच्या सगळ्या पीडीएफ तयार होईपर्यंत या यंत्रावर विंडोजची कोणतीही मोठी अद्ययावत आवृत्ती टाकू नका.